लंडन जळून खाक झालं आणि खगोलशास्त्राच्या एका प्राध्यापकाला चर्च बांधायचं काम लागलं

ओळखीतलं कुणी लंडनला फिरायला गेलं की दोन फोटो हमखास येतात. एक बिग बेनचा आणि दुसरा थेम्स नदीवरच्या मिलेनियम ब्रिजवरून काढलेला, ज्यात मागं भला मोठा करड्या रंगाचा घुमट दिसतो. तो घुमट सेंट पॉल्स कॅथेड्रलचा. १९८१ मध्ये प्रिन्स चार्ल्स आणि डायनाचं लग्न झालं ते इथंच.

या घुमटात एक गंमत आहे. बाहेरून जो घुमट दिसतो, तो आत शिरल्यावर दिसतच नाही. आत मान वर करून आपण जो बघतो तो वेगळाच घुमट आहे. आणि या दोघांच्या मध्ये विटांचा एक शंकू लपवलेला आहे, जो ना बाहेरून दिसतो ना आतून. खरा भार तोच पेलतो.

हा उद्योग करणाऱ्या माणसाचं नाव सर क्रिस्टोफर रेन. वास्तुकलेचं रीतसर शिक्षण त्यानं कधीच घेतलेलं नव्हतं. तो खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता. आणि लंडनमध्ये त्याला जे बांधायचं होतं, त्यातलं सगळ्यात मोठं काम त्याला कुणी करूच दिलं नाही. मग आज जे उभं आहे ते कसं उभं राहिलं, ते बघू.

१६३२ मध्ये विल्टशायरमधल्या ईस्ट नॉयल या खेड्यात रेनचा जन्म झाला. वडील धर्मगुरू होते आणि पुढं विंडसरच्या राजचॅपलचे डीन झाले. म्हणजे पोराचं बालपण राजवाड्याच्या सावलीत गेलं. चुलते मॅथ्यू रेन तर थेट बिशप. घर राजाच्या बाजूचं, आणि तेच त्यांना नडलं.

रेन नऊ-दहा वर्षांचा असताना इंग्लंडमध्ये राजा विरुद्ध संसद असं यादवी युद्ध पेटलं. विंडसरचं घर लुटलं गेलं. चुलत्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबलं, ते पुढची अठरा वर्षं. १६४९ मध्ये तर खुद्द राजा पहिल्या चार्ल्सचंच मुंडकं उडवलं. अशा दिवसांत राजाच्या बाजूच्या घरातल्या हुशार पोरानं करायचं काय? रेननं गणित धरलं. सूर्यघड्याळं बनव, यंत्रं बनव, आकाशाकडं बघ. त्यात कुणाची बाजू घ्यावी लागत नव्हती.

ऑक्सफर्डमध्ये त्याला अशीच डोकेबाज मंडळी भेटली. त्यांनी काय नाही केलं! रेननं एका कुत्र्याच्या शिरेतून थेट रक्तात औषध सोडून बघितलं. आज आपण सलाईन लावतो, त्या कल्पनेचा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. थॉमस विलिस या डॉक्टरचं मेंदूवरचं पुस्तक १६६४ मध्ये आलं, त्यातल्या चित्रांसाठी रेननं हात चालवला. चंद्राचा गोल बनवून राजाला भेट दिला. पंचविशी गाठायच्या आत तो लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजात खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला. नोव्हेंबर १६६० मध्ये तिथंच त्याचं व्याख्यान संपल्यावर जमलेल्या लोकांनी एक संस्था काढायचं ठरवलं. तीच पुढं रॉयल सोसायटी झाली.

तोवर दुसरा चार्ल्स परत येऊन गादीवर बसला होता, रेनच्या घरचे दिवस पालटले होते. आणि इथं या गोष्टीत चक्क मुंबईचा संबंध येतो.

दुसऱ्या चार्ल्सचं लग्न पोर्तुगालच्या राजकन्येशी ठरलं आणि त्या आंदणात मुंबई इंग्रजांकडं गेली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्याच आंदणात आणखी एक जागा होती. आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं टँजिअर बंदर. ते आता राखायचं तर तटबंदी हवी. ते काम बघायला जा, असं राजाकडून रेनला १६६१ मध्ये सुचवण्यात आलं. गणित येतं म्हणजे तटबंदीही येत असणार, असा त्या काळचा हिशोब. रेननं तब्येतीचं कारण पुढं करून नम्रपणे नकार दिला. तो गेला असता तर सेंट पॉल्स दुसऱ्याच कुणाच्या हातून झालं असतं. जाता जाता, मुंबईसुद्धा राजानं १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

रेनची पहिली बांधकामं घरगुती ओळखीतून आली. तुरुंगातून सुटलेल्या चुलत्यांनी केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजला चॅपल बांधून द्यायचं ठरवलं आणि काम पुतण्याला दिलं. मग ऑक्सफर्डमध्ये समारंभासाठी शेल्डोनियन थिएटर. तिथं मधे एकही खांब न घेता अख्ख्या सभागृहावर छत टाकायचं होतं. एवढ्या लांबीचं लाकूड मिळत नाही. रेननं तुकडे एकमेकांत अडकवून ते छत पेललं. हा गणितवाला बांधूही शकतो, हे लोकांना तेव्हा कळलं.

१६६५ मध्ये तो पॅरिसला गेला. तो आयुष्यात परदेशी गेल्याची पक्की नोंद असलेला हा एकच प्रवास. रोम त्यानं कधीच पाहिलं नाही, हे लक्षात ठेवा, कारण पुढं त्यानं रोमच्या तोडीचा घुमट बांधला. पॅरिसमध्ये त्या वेळी इटलीचा बर्निनी आलेला होता, लूव्हर राजवाड्याचे नकाशे घेऊन. म्हातारबुवांनी नकाशा दाखवला, पण मोजून काही मिनिटं. तेवढ्यात रेननं जमेल तितकं डोक्यात साठवून घेतलं.

परत आला तेव्हा लंडनमध्ये जुनं सेंट पॉल्स खिळखिळं झालेलं होतं. मध्ययुगातलं प्रचंड कॅथेड्रल. त्याचा उंच मनोरा १५६१ मध्ये वीज पडून गेला तो परत झालाच नाही. दुरुस्ती करावी की काय, हे ठरवायला २७ ऑगस्ट १६६६ रोजी एक मंडळ तिथं जमलं. त्यात रेनही होता. मधला भाग काढून तिथं घुमट घाला, असं त्याचं म्हणणं. बाकीच्यांपैकी काहींना ते पटेना. चर्चा झाली, माणसं घरी गेली.

सहा दिवसांनी, २ सप्टेंबरला पहाटे, पुडिंग लेनमधल्या एका बेकरीला आग लागली.

घरं लाकडाची, गल्ल्या अरुंद, वारा जोराचा. चार दिवस शहर जळत होतं. १३,२०० घरं आणि ८७ चर्च गेली. सेंट पॉल्स दगडाचं होतं म्हणून आजूबाजूच्या पुस्तकविक्रेत्यांनी आपला माल त्याच्या तळघरात नेऊन ठेवला होता. पण दुरुस्तीसाठी बाहेर लाकडी पराती बांधलेल्या होत्या. त्यांनी पेट घेतला, छपरावरचं शिसं वितळून रस्त्यावरून वाहायला लागलं आणि तळघरातली पुस्तकंही गेली.

रेन तेव्हा ३३ वर्षांचा होता. आग विझून आठवडाही झाला नव्हता, तोवर तो नव्या लंडनचा नकाशा घेऊन राजापुढं हजर.

नकाशा भारीच होता. रुंद, सरळ रस्ते. मोठमोठे चौक, त्यातून सूर्यकिरणांसारखे फुटणारे मार्ग. नदीकाठी लांबलचक धक्का. पॅरिस बघून आलेल्या माणसाचं स्वप्न. राजालाही आवडलं.

पण ते झालं नाही. का? तर जमिनीमुळं. राखेखाली प्रत्येकाचा प्लॉट होता. रस्ता सरळ करायचा तर शेकडो लोकांच्या जागा घ्याव्या लागणार, त्यांना भरपाई द्यावी लागणार आणि तिजोरीत खडखडाट. वर हिवाळा तोंडावर. दुकानदारांना आपली जागा आणि आपलं गिऱ्हाईक लवकरात लवकर परत हवं होतं. या लोकांना आडमुठं म्हणणं सोपं आहे, पण छप्पर गेलेल्या माणसाला चौकाच्या सौंदर्याचं काय सांगणार? गुंठ्या-गुंठ्यासाठी कोर्टात उभ्या राहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग जुन्याच गल्ल्या थोड्या रुंद केल्या. घर बांधायचं ते विटांचं किंवा दगडाचंच, असा १६६७ मध्ये कायदा झाला. हद्दीची भांडणं सोडवायला खास कोर्ट बसलं. आज लंडनच्या जुन्या शहरात फिरताना रस्ता एकदम वाकडा वळतो आणि समोर अचानक चर्चचा मनोरा येतो, त्याचं कारण हा फसलेला नकाशा.

रेनच्या वाट्याला मग काय आलं? चर्च. ८७ गेली होती, काही वस्त्या एकत्र करून ५१ परत बांधायची ठरली. पैसा कोळशातून आला. लंडनच्या बंदरात जहाजानं येणाऱ्या कोळशावर कर बसवला, १६७० मध्ये तो वाढवला, आणि त्यातला हिस्सा चर्चसाठी बाजूला काढला. म्हणजे लंडनमधल्या घराघरांत चूल पेटली की त्यातला थोडा पैसा या मनोऱ्यांत जात होता. सेंट पॉल्सचा बहुतेक खर्चही असाच निघाला.

एका माणसानं ५१ चर्च बांधली असं सर्रास लिहिलं जातं. ते तसं नाही. रॉबर्ट हूक हा त्याचा ऑक्सफर्डपासूनचा मित्र अर्धा भार उचलत होता. काही चर्च हूकचीच म्हणावीत अशी आहेत. पुढं निकोलस हॉक्समूर हा तरुण पोरगा कारकून म्हणून आला आणि स्वतः मोठा वास्तुकार झाला. शिवाय गवंडी, सुतार, शिसं ओतणारे. रेनचं कार्यालय होतं, आणि तो त्याचा प्रमुख होता. १६६९ मध्ये राजाच्या सगळ्या बांधकामांचा मुख्य अधिकारी म्हणूनही त्याचीच नेमणूक झाली.

प्रत्येक वस्तीला आपलं चर्च आधी हवं. मग वस्तीचे पुढारी रेनला जेवायला बोलवायचे, वाईनची पिंपं पाठवायचे. काम पुढं सरकवायला काय करावं लागतं, हे तिथंही सगळ्यांना माहीत होतं.

जागा मात्र एकेक अशा वेड्यावाकड्या की विचारू नका. कुठं तिरका कोपरा, कुठं तिन्ही बाजूंनी घरं चिकटलेली. रेननं प्रत्येक ठिकाणी आतली जागा नीट बसवली आणि बाहेर मनोऱ्यावर हौस भागवली. कारण गल्लीतून भिंत कुणाला दिसणार? दिसणार ते टोक. फ्लीट स्ट्रीटवरच्या सेंट ब्राइड्स चर्चचा मनोरा टप्प्याटप्प्यानं निमुळता होत २२६ फुटांवर जातो. लग्नात कापतात तो मजल्यांचा केक या मनोऱ्यावरून सुचला, अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, मनोरा बघितला की ती पटते.

आगीची आठवण म्हणून एक खांबही उभा राहिला. त्याचं नावच मॉन्युमेंट. रेन आणि हूक दोघांचं काम. उंची २०२ फूट आणि ज्या बेकरीत आग लागली तिथून अंतरही २०२ फूट. दोघंही मुळात शास्त्रज्ञ, त्यामुळं खांब नुसता शोभेचा कसा ठेवतील? आतून पोकळ ठेवला, खाली तळघरात प्रयोगाची खोली केली, वरून ताऱ्यांचा वेध घ्यायचा बेत होता. पण रस्त्यावरच्या गाड्यांनी खांब थरथरायचा, म्हणून ते जमलं नाही. आजही ३११ पायऱ्या चढून वर जाता येतं आणि उतरल्यावर सर्टिफिकेट मिळतं. या खांबावर १६८१ मध्ये, आग कॅथलिकांनी लावली, असा मजकूर कोरला गेला होता. धडधडीत खोटा. तो कायमचा काढायला १८३० उजाडलं.

आता सेंट पॉल्स.

आधी जुनंच दुरुस्त करायचा प्रयत्न झाला. १६६८ मध्ये त्याचा भाग कोसळला आणि तो विषय संपला. रेननं नवा आराखडा केला. मधे प्रचंड घुमट आणि त्याच्या चारी बाजूंनी सारखे हात. राजाची पसंती मिळाली. मग १६७३-७४ मध्ये त्याचं ओक लाकडाचं मॉडेल बनवलं. सहा मीटरहून लांब. त्या खर्चात लंडनमध्ये चांगलं घर आलं असतं.

चर्चच्या मंडळींनी ते नाकारलं. इंग्लंडमधलं कॅथेड्रल म्हणजे लांब दालन, क्रूसाचा आकार, हे ठरलेलं. हे भलतंच, रोमच्या कॅथलिक चर्चसारखं दिसणारं. शिवाय पैसा हप्त्याहप्त्यानं येणार, तेव्हा एक भाग पूर्ण करून वापरायला काढता आला पाहिजे. मधे घुमट आहे म्हटल्यावर सगळं एकदमच बांधावं लागणार. हा शेवटचा मुद्दा काही चूक नव्हता. रेनच्या डोळ्यांत पाणी आलं असं सांगतात. यापुढं मॉडेल करायचं नाही आणि नकाशे लोकांना दाखवायचे नाहीत, असं त्यानं त्या दिवशी ठरवल्याचं त्याच्या मुलाच्या कुटुंबवृत्तान्तात आलं आहे.

मग त्यानं एक तडजोडीचा नकाशा दिला. लांब दालन, क्रूसाचा आकार, आणि घुमटाच्या डोक्यावर एक विचित्र उंच टोक. खरं सांगायचं तर तो नकाशा बघवत नाही. पण मंडळी खूश झाली. १४ मे १६७५ रोजी राजाची मंजुरी मिळाली. त्या मंजुरीत एक छोटी मुभा होती. काम चालू असताना शोभेच्या बाबतीत थोडाफार फरक करायला हरकत नाही.

एवढ्या मुभेवर रेननं पुढची ३६ वर्षं काढली. बांधकामाभोवती आडोसे होते, नकाशे कुणाला दिसत नव्हते. विचित्र टोक गेलं. दालन आखूड झालं. बाजूच्या भिंती दुप्पट उंच झाल्या. त्यातला वरचा अर्धा भाग नुसता पडदा आहे, त्याच्या मागं काही नाही, मागच्या कमानींचे टेकू झाकायला तो उभारलाय. मंजूर झालेलं कागदावर राहिलं आणि बांधलं गेलं ते रेनच्या मनातलं. अगदी सगळं नाही, पण बरंचसं.

जुने अवशेष पाडणं हेच एक मोठं काम होतं. रेननं सुरुंग मोजून-मापून लावला, पहिला बार झकास झाला. तो बाहेरगावी असताना त्याच्या मदतनिसानं दारू जास्त भरली आणि दगड उडून एका घरात गेला. शेजारी चिडले, सुरुंग बंद. मग रेननं ओंडका टांगून, माणसं लावून, भिंतीवर धडका मारायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी काहीच हललं नाही. दुसऱ्या दिवशी भिंत आली खाली.

घुमटाचा मध्यबिंदू आखताना खूण ठेवायला त्यानं कामगाराकडून एक दगड मागवला. कामगारानं ढिगातून जो उचलून आणला तो कुठल्या तरी थडग्याचा तुकडा निघाला आणि त्यावर पुन्हा उठून उभं राहण्याच्या अर्थाचा एक लॅटिन शब्द होता. तोच शब्द आज दक्षिणेच्या दारावर राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याखाली कोरलेला आहे. दारातून सरळ आत घुसू नका, वर बघा.

जून १६७५ मध्ये पहिला दगड बसला. सप्टेंबरमध्ये रेनची बायको फेथ देवीच्या साथीत गेली. लग्नाला जेमतेम सहा वर्षं झाली होती. लग्नाआधी तिचं घड्याळ खाऱ्या पाण्यात पडलं होतं, ते रेननं दुरुस्त करून दिलं होतं. सोबतच्या पत्रात, आता हे तिच्याजवळ राहणार म्हणून त्याला त्या घड्याळाचा हेवा वाटतोय, असं त्यानं कळवलं होतं. दुसरं लग्न १६७७ मध्ये झालं, तीही बायको तीन वर्षांत क्षयानं गेली. नंतर त्यानं लग्न केलं नाही. चार मुलांपैकी थोरला तान्हा असतानाच गेला, धाकटा जन्मभर दुसऱ्यांवर अवलंबून राहिला आणि गाणं-बजावणं जाणणारी मुलगी जेन १७०२ मध्ये गेली. तिला त्यानं सेंट पॉल्समध्येच पुरलं. कॅथेड्रल अजून पूर्ण व्हायचं होतं.

घुमटाचं कोडं रेनला वर्षानुवर्षं पुरलं. घुमट साऱ्या लंडनवर उठून दिसायचा तर उंच हवा. पण उंच घुमट आतून बघितला तर खोल अंधाऱ्या विहिरीसारखा दिसतो. म्हणून आत एक बुटका, विटांचा. बाहेर एक उंच, लाकडाच्या सांगाड्यावर शिशाचे पत्रे ठोकलेला. आणि सगळ्यात वर दगडाचा कळस ठेवायचा, ज्याचं वजन सुमारे ८५० टन. लाकूड तो कसा पेलणार? म्हणून दोघांच्या मधे विटांचा शंकू, जाडी फक्त १८ इंच. इथं हूकचं डोकं कामी आलं. साखळीची दोन टोकं हातात धरून ती लोंबू दिली की जो आकार होतो, तो उलटा केला की कमानीचा सगळ्यात भक्कम आकार मिळतो, हे हूकनं सांगितलं होतं. शिवाय तळाशी घुमट फाकू नये म्हणून लोखंडी साखळी आवळली.

मधल्या काळात एक किस्सा झाला, तो सोडवत नाही. जानेवारी १६८४ मध्ये रेन, हूक आणि एडमंड हॅले, तोच धूमकेतूवाला, गप्पा मारत होते. ग्रह लंबवर्तुळात का फिरतात, हे गणितानं सिद्ध करून दाखवेल त्याला चाळीस शिलिंगांचं पुस्तक, अशी पैज रेननं लावली. मुदत दोन महिने. हूकनं आपल्याला जमल्याचं सांगितलं, पण दाखवलं काही नाही. हॅलेनं मग ऑगस्टमध्ये केंब्रिज गाठून न्यूटनला गाठलं. त्यातून १६८७ मध्ये न्यूटनचा प्रिन्सिपिया ग्रंथ बाहेर पडला.

काम रेंगाळत होतं. पोर्टलंडच्या खाणीतून समुद्रमार्गे दगड यायचा, १६९६ मध्ये तिथं दरड कोसळून पुरवठा अडला. खांबांच्या पोटात जुन्या कॅथेड्रलचा राडारोडा भरलेला होता, भार वाढल्यावर त्यांना तडे दिसू लागले, डागडुजी करावी लागली. संसदेला वाटलं, हा माणूस पगारासाठी काम लांबवतोय. पगार होता वर्षाला २०० पौंड. १६९७ मध्ये संसदेनं त्यातला निम्मा रोखून धरला. काम पूर्ण झाल्यावर मिळेल म्हणून. रेन तेव्हा ६५ वर्षांचा होता. आठवड्यातून दोन-तीनदा टोपलीत बसून तो दोरानं वर ओढला जायचा आणि काम बघून खाली यायचा, असं सांगतात.

ऑक्टोबर १७०८ मध्ये कळसाचा शेवटचा दगड बसला. तो त्याच्या मुलानं बसवला, मुलाचंही नाव क्रिस्टोफरच. रेन ७६ वर्षांचा होता. १७११ मध्ये संसदेनं काम पूर्ण झाल्याचं मान्य केलं आणि अडवलेला पगार दिला. पायाचा दगड ते कळस, एकाच वास्तुकाराच्या हयातीत. युरोपातल्या कॅथेड्रलांना शतकं लागतात, त्या मानानं हे नवलच.

पण सुखानं कुणी बसू दिलं नाही. नव्या मंडळानं भ्रष्टाचाराचे आरोप केले. रेनला घुमटाच्या आत मोज़ेक हवं होतं, त्यांनी जेम्स थॉर्नहिलकडून चित्रं रंगवून घेतली. रेनला नको होता तो दगडी कठडा भिंतींच्या माथ्यावर सगळीकडून बसवला. बायकांना काठ लावल्याशिवाय कापड चांगलं वाटत नाही, अशा थाटाचा टोमणा म्हाताऱ्यानं मारला. काळाला शोभेलसाच होता तो. कठडा अजून तिथंच आहे. १७१८ मध्ये नव्या राजाच्या कारभारात, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्याला सरकारी पदावरूनही काढलं. जागी आलेला माणूस इतका अडाणी निघाला की त्यालाच वर्षभरात घालवावं लागलं.

शेवटची वर्षं रेन पुन्हा गणिताकडं वळला. समुद्रावर जहाजाचं रेखांश कसं काढायचं, यावर डोकं चालवत बसायचा. अधूनमधून सेंट पॉल्समध्ये येऊन घुमटाखाली बसायचा. फेब्रुवारी १७२३ मध्ये अशाच लंडनच्या मुक्कामी थंडी बाधली. जेवणानंतर खुर्चीत डुलकी घेत होता. नोकर उठवायला गेला तेव्हा तो गेलेला होता. वय ९०.

त्याचं थडगं सेंट पॉल्सच्या तळघरात आहे. साधी काळी शिळा. शेजारच्या भिंतीवर मुलानं लॅटिनमध्ये कोरून घेतलंय, त्याचा आशय असा की स्मारक शोधत असाल तर सभोवार नजर टाका. त्याच तळघरात वेलिंग्टनचं अवाढव्य थडगं आहे. तोच ऑर्थर वेलस्ली, ज्यानं १८०३ मध्ये आपल्या जालना भागातल्या आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. मराठी माणूस तिथं थबकतोच.

५१ चर्चपैकी आज निम्मीसुद्धा नाहीत. सगळं खापर हिटलरवर फोडू नका. जुन्या शहरात राहणारे लोक कमी झाले तशी १९ व्या शतकात इंग्रजांनी स्वतःच बरीच पाडली आणि जागा विकल्या. बाकीचं बॉम्बनी केलं. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री सेंट पॉल्सच्या घुमटावर एक आगलावा बॉम्ब पडला आणि शिशाच्या पत्र्यात अडकला. आत सगळा लाकडी सांगाडा, रेनच्या त्या युक्तीतला सगळ्यात कच्चा भाग. पत्रा वितळला आणि बॉम्ब आत पडण्याऐवजी बाहेर सज्जावर घसरला. रात्रपाळीच्या स्वयंसेवकांनी तो विझवला.

लंडनला जाणार असाल तर एक अर्धा दिवस यासाठी काढा. बँक स्टेशनजवळ सेंट स्टीफन वॉलब्रुक आहे, बाहेरून लक्षही जाणार नाही, पण आत जा. सेंट पॉल्सच्या घुमटाआधी रेननं इथं हात साफ करून घेतला. चीपसाइडला सेंट मेरी-ल-बो, ज्याच्या घंटेचा आवाज ऐकू येईल अशा टापूत जन्मला तोच खरा कॉकनी, असं लंडनकर मानतात. सेंट डन्स्टन-इन-द-ईस्ट तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिलेलं असणार, वेलींनी भरलेल्या मोडक्या खिडक्या आणि मधे बाग. त्यातला मनोरा रेनचा. आणि सेंट मेरी ऑल्डरमनबरी बघायचं असेल तर अमेरिकेचं तिकीट काढावं लागेल. बॉम्बनंतर उरलेले त्याचे दगड १९६० च्या दशकात मिसुरी राज्यातल्या फुल्टनला नेऊन तिथं ते चर्च परत उभं केलंय.

सेंट पॉल्समध्ये सगळ्यात वरच्या सज्जापर्यंत ५२८ पायऱ्या आहेत. गुडघे साथ देत असतील तर चढा. नसतील तर वरच्या दालनांची गाईडेड टूर असते का, तेवढं विचारून घ्या. १६७४ मधलं ते नाकारलेलं ओकचं मॉडेल अजून तिथंच ठेवलेलं आहे.